निकालपत्राचे टिपण : विद्यार्थ्यांचे प्रश्न, वकिलाची उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत विधी महाविद्यालयांत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पत्रे बरीच होती. वाटणी, भाडेकरू, मृत्युपत्र हे आपले नेहमीचे विषय थोडे बाजूला सारून या वेळी त्यांच्या प्रश्नांना जागा द्यावी असे ठरवले आहे. शब्द निराळे असले तरी बहुतेकांचा रोख एकच आहे : न्यायालयाचे निकालपत्र वाचून त्याचे टिपण, ज्याला वर्गात सगळे ‘केस ब्रीफ’ म्हणतात, ते कसे करावे, आणि परीक्षेपूर्वी अशा टिपणांतून विषयाचा आराखडा कसा उभा करावा. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. करार कायद्याच्या तासाला सर दर आठवड्याला काही केसेसचे ब्रीफ लिहून आणायला सांगतात. मी निकालपत्र पूर्ण वाचते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारते आणि चार-पाच पाने लिहून नेते. पण ‘मग न्यायालयाने ठरवले काय?’ असे सरांनी विचारले की पानेच चाळत बसते. नेमके काय लिहायचे आणि काय गाळायचे? — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : तुमच्या पत्रातच निम्मे निदान आहे. तुम्ही वाचता वाचता रेघा मारता, म्हणजे निकाल काय लागला हे कळण्याआधीच कोणते वाक्य महत्त्वाचे ते ठरवून टाकता. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊच नये. आधी शेवटचा परिच्छेद वाचावा, अर्ज मंजूर झाला की फेटाळला, कोणाच्या पदरात काय पडले ते पाहावे, आणि मग सुरुवातीपासून वाचताना एकच शोध चालू ठेवावा : या शेवटापर्यंत पोहोचण्यासाठी न्यायाधीशांना कोणकोणत्या गोष्टींचा आधार घ्यावा लागला? ज्या गोष्टीवाचून त्यांचे काहीच अडले नसते, ती कितीही चटकदार असली तरी टिपणात यायचे कारण नाही.

उदाहरण तुमच्याच अभ्यासक्रमातले घेऊ. ‘लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त’ हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ सालचा निकाल पहिल्या वर्षाच्या बहुतेक प्रत्येक वर्गात शिकवला जातो, आणि निकालपत्र इतके छोटे आहे की ते मुळातून न वाचण्याला कोणतीही सबब चालणार नाही. कानपूरच्या गौरी दत्तांच्या नात्यातला एक मुलगा घरातून निघून गेला. त्यांनी आपल्या माणसांना शोधासाठी ठिकठिकाणी पाठवले. पेढीवरचे मुनीम लालमन शुक्ल यांना गाडीभाडे आणि खर्च देऊन हरिद्वारला पाठवले. ते गेल्यानंतर गौरी दत्तांनी हस्तपत्रके काढून मुलाला शोधून देणाऱ्यास ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लालमनना मुलगा ऋषिकेशला सापडला. मालकाने खूश होऊन त्यांना थोडीफार बक्षिसी दिली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली, आणि पुढे सहा महिन्यांनी नोकरी गेल्यावर जाहीर केलेल्या बक्षिसासाठी दावा लावला. दावा टिकला नाही, आणि उच्च न्यायालयात केलेला पुनरीक्षण अर्जही (खालचा निकाल तपासून पाहावा अशी विनंती) फेटाळला गेला.

आता यातले काय ठेवायचे? हरिद्वार, ऋषिकेश, ५०१ हा आकडा, सहा महिने, नोकरीवरून काढणे, यांतले काहीही बदलले तरी निकाल तोच राहिला असता. नोकरी गेली म्हणून दावा लावला हे वाचायला रंजक आहे, माणूस म्हणून आपल्याला ते कळतेही. पण न्यायालयाने त्यावर काही उभारलेले नाही. ज्या वस्तुस्थितीवर निकाल उभा आहे ती दोनच वाक्यांची आहे : बक्षीस जाहीर होण्यापूर्वीच मुनीम मालकाच्या सांगण्यावरून शोधाला निघाला होता, आणि मुलगा शोधताना त्याला बक्षिसाची माहिती नव्हती.

बाजारातल्या बहुतेक गाईडांत, आणि त्यामुळे बहुतेक उत्तरपत्रिकांत, यातले दुसरे वाक्यच तेवढे येते : प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकृती नाही, आणि स्वीकृती नाही तर करार नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. न्यायाधीशांनी पुढे आणखी एक कारण दिले आहे. हरवलेल्या मुलाला शोधणे हे मुनिमाच्या नेहमीच्या कामात बसत नसले, तरी हरिद्वारला जायचे कबूल केल्यावर ती कामगिरी त्याने अंगावर घेतली होती. जे करायला तो आधीच बांधील होता ते पार पाडणे हे नंतरच्या वचनाचे प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, ठरू शकत नाही. म्हणजे समजा, हस्तपत्रक मुलगा सापडण्यापूर्वी वाटेत मुनिमाच्या हाती पडले असते, तरी या दुसऱ्या कारणामुळे तो हरलाच असता. जो विद्यार्थी फक्त पहिले कारण लिहितो, त्याला ‘मुनिमाने पत्रक वाचले असते तर?’ एवढे विचारले की तो ‘तर जिंकला असता’ असे उत्तर देतो आणि फसतो.

निर्णयाचा खरा आधार, म्हणजे वर्गातल्या भाषेत ‘रेशो’, शोधण्यासाठी एक जुनी कसोटी सांगतात. हार्वर्डचे प्राध्यापक यूजीन वॅम्बॉ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मांडली : ज्या विधानावर तुमचा संशय आहे ते उलटे करून पाहा, उलटे केल्यावरही निकाल तोच राहत असेल तर ते विधान आधार नव्हे. कसोटी कामाची आहे, पण आंधळेपणाने लावू नये. लालमनच्या निकालात दोन स्वतंत्र कारणे आहेत. पहिले उलटे करा, दुसऱ्यामुळे निकाल तोच. दुसरे उलटे करा, पहिल्यामुळे निकाल तोच. मग काय, या निकालाला आधारच नाही म्हणायचे? तसे नाही. न्यायाधीशांनी एका निर्णयासाठी दोन कारणे दिली म्हणून त्यांतले एक गौण ठरत नाही, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५० मध्ये ‘जेकब्स’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. दोन्ही लिहावीत, आणि ती दोन आहेत हेही लिहावे.

एवढे केल्यावर तुमचे टिपण साधारण असे होईल. ‘नोकर असलेल्या वादीला मालकाने हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी खर्च देऊन पाठवले, नंतर मालकाने बक्षीस जाहीर केले, वादीने बक्षिसाची माहिती नसताना मुलगा शोधला. वादप्रश्न : प्रस्ताव माहीत नसताना त्याच्या अटी पुऱ्या केल्या तर करार अधिनियम, १८७२ च्या कलम ८ खाली स्वीकृती होते काय? आधीच अंगावर घेतलेली कामगिरी पार पाडणे हे नव्या वचनाचे प्रतिफल होते काय? निर्णय : दोन्ही बाबतींत नाही, अर्ज फेटाळला. कारणे : माहितीवाचून स्वीकृती नाही, अस्तित्वात असलेल्या बंधनाची पूर्तता हे प्रतिफल नव्हे.’ अर्धे पान पुरते. वादप्रश्न लिहिताना मात्र घाई करू नका. ‘वादीला बक्षीस मिळेल काय?’ हा गोष्ट ऐकणाऱ्याचा प्रश्न झाला आणि ‘स्वीकृती म्हणजे काय?’ हा पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाचा मथळा. वादप्रश्नात कायद्याचे कलम आणि या प्रकरणातली निर्णायक वस्तुस्थिती ही दोन्ही एकाच वाक्यात भेटली पाहिजेत. माझ्या मते टिपणातले सर्वांत अवघड वाक्य हेच, आणि ज्याला ते जमले त्याला वर्गात पाने चाळावी लागत नाहीत.

प्रश्न : मी दिवसभर नोकरी करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम करतो आहे. निकालाच्या वर छापलेल्या हेडनोट आणि गाईडमधले सारांश वाचून काम भागणार नाही का? शिवाय मोठ्या निकालपत्रांत वादी, अर्जदार, अपीलकर्ता, उत्तरवादी ही मंडळी मध्येच जागा बदलतात आणि माझा पार गोंधळ होतो. — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हेडनोट हा निकालाचा भाग नाही. तो निकाल छापणाऱ्या संपादकांनी केलेला सारांश आहे. कोणते निकालपत्र आपल्या कामाचे आहे हे चाळून पाहण्यापुरता तो उत्तम, पण त्यावरून टिपण करणे म्हणजे दुसऱ्याच्या टिपणाचे टिपण करणे होय. वेळ कमी असेल तर केसेस कमी करा, पण ज्या घ्याल त्यांचे निकालपत्र उघडा. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे अहवाल २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध करून दिले आहेत, तेव्हा ग्रंथालयाच्या वेळा आपल्या नोकरीच्या वेळांशी जुळत नाहीत ही अडचण आता उरलेली नाही. फक्त संविधानाच्या मूलभूत चौकटीबद्दलच्या केशवानंद भारती प्रकरणापासून सुरुवात करू नका. १९७३ च्या त्या निकालात तेरा न्यायाधीशांची अकरा मतपत्रे आहेत, शेकडो पाने आहेत, आणि शेवटी नऊ न्यायाधीशांनी सही केलेल्या सारांशाला कितपत वजन द्यायचे यावरही पुढे वाद झाले. ते धनुष्य दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उचला.

पक्षकारांच्या गोंधळावर उपाय म्हणजे टिपणाच्या सुरुवातीलाच प्रकरणाचा प्रवास लिहिणे. आमच्या इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातून निघालेले आणि साऱ्या देशाने ऐकलेले शाहबानो प्रकरण घ्या. १९३२ साली लग्न झालेल्या, १९७५ साली घराबाहेर काढल्या गेलेल्या शाहबानो यांनी एप्रिल १९७८ मध्ये तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपये पोटगीचा अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीने, जे स्वतः वकील होते, तलाक दिला आणि आता त्या आपल्या पत्नी नाहीत असा बचाव घेतला. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये देवविले. शाहबानो यांनी पुनरीक्षण अर्ज केला, आणि जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. त्याविरुद्ध पती विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून तिथे शीर्षक ‘मोहम्मद अहमद खान विरुद्ध शाहबानो बेगम’ असे उलटे दिसते आणि मूळची अर्जदार उत्तरवादी होते. कोणी, कुठे, काय मागितले आणि काय मिळाले, एवढ्या चार रकान्यांत हा प्रवास मांडला की गोंधळ संपतो. टिपणात पुढे मात्र पक्षकारांना त्यांच्या जागेवरून नव्हे, तर नात्यावरून ओळखावे : पती, पत्नी, मालक, नोकर, विक्रेता, खरेदीदार.

आणखी एक ओळ याच प्रवासातून हाती लागते. हे अपील पाच न्यायाधीशांपुढे का गेले? कारण घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीवरील आधीच्या दोन निकालांबद्दल, म्हणजे १९७९ चा बाई ताहिरा आणि १९८० चा फजलुनबी यांच्याबद्दल, दोन न्यायाधीशांच्या पीठाला शंका वाटली आणि त्यांनी प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले. पीठ किती जणांचे आणि का, हे न लिहिता केलेले टिपण नंतर कोणता निकाल कोणावर बंधनकारक आहे हे ठरवताना उपयोगी पडत नाही.

याच निकालात हेडनोटवाल्यांची फजिती कुठे होते तेही पाहा. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पीठाचे एकमताचे निकालपत्र दिले. त्यात ठरले ते असे की कलम १२५ मधील ‘पत्नी’ या शब्दात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री येते, ते कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे, आणि मेहेर (निकाहाच्या वेळी पतीने पत्नीला द्यायची कबूल केलेली रक्कम) ही कलम १२७ मध्ये सांगितलेली घटस्फोटामुळे देय होणारी रक्कम नव्हे. निकालपत्राच्या अखेरीकडे संविधानाच्या अनुच्छेद ४४ बद्दल, समान नागरी कायद्याबद्दल, काही परिच्छेद आहेत. वर्तमानपत्रांत गाजले ते हेच परिच्छेद, आणि विद्यार्थी ‘निर्णय’ या मथळ्याखाली लिहितात तेही हेच. ते परिच्छेद काढून टाका : अपील तरीही फेटाळलेच जाते आणि १७९ रुपये २० पैसे कायम राहतात. म्हणजे ते प्रासंगिक मत, ‘ओबिटर’. त्याची नोंद जरूर करावी, पण वेगळ्या ओळीत आणि त्याच नावाने.

शेवटी निकालाचे पुढे काय झाले याला एक ओळ राखून ठेवा. इथे १९८६ चा मुस्लिम महिलांविषयीचा कायदा, त्याची वैधता कायम ठेवून त्याचा अर्थ लावणारा २००१ चा डॅनियल लतिफी निकाल, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्ग खुला आहे असे सांगणारा जुलै २०२४ चा मोहम्मद अब्दुल समद निकाल, आणि १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा घेतलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, एवढे आले पाहिजे. ही ओळ नसेल तर चाळीस वर्षांपूर्वीचे टिपण आणि तुमचे टिपण यांत फरक तो काय राहिला?

प्रश्न : माझ्याकडे करार कायद्याची ब्रीफ भरपूर साठली आहेत, एका फायलीत तारखेप्रमाणे लावलेली. पण परीक्षेत काल्पनिक प्रकरण देऊन सल्ला विचारतात तेव्हा कोणती केस कुठे वापरायची ते सुचत नाही. वरच्या वर्गातल्या मुली ‘आउटलाइन कर’ म्हणतात. ते म्हणजे ब्रीफचा सारांशच ना? — एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. ब्रीफ एका निकालाचे असते; आराखडा कायद्याच्या प्रश्नांचा असतो, आणि निकाल त्यात पुराव्यासारखे येतात. तुमची फाइल तारखेप्रमाणे लावलेली आहे, म्हणजे सर ज्या क्रमाने बोलले त्या क्रमाने. आराखड्याचा सांगाडा अधिनियमातून घ्यावा : प्रस्ताव झाला काय, तो समोरच्याला कळला काय, स्वीकृती झाली काय, ती कधी आणि कुठे पूर्ण झाली, प्रतिफल आहे काय, पक्षकार करार करण्यास पात्र आहेत काय. प्रत्येक प्रश्नाखाली आधी कलम, मग ते कलम जिथे अडखळते ती जागा, आणि त्या जागी निकाल. एकच निकाल दोन ठिकाणी येऊ शकतो. वर सांगितलेला लालमन शुक्ल स्वीकृतीखाली येतो तसाच प्रतिफलाखालीही. गाईडवरून अभ्यास करणाऱ्याच्या आराखड्यात तो एकाच ठिकाणी सापडेल.

‘स्वीकृती कुठे पूर्ण झाली’ या एका फांदीचे उदाहरण देते, कारण ती तुमच्या-आमच्या भागातून गेलेली आहे. जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीशी सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर केला. माल आला नाही; अहमदाबादला दावा लागला. खामगावकरांचे म्हणणे असे की होकार आम्ही खामगावला उच्चारला, तेव्हा करार तिथे झाला आणि अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार नाही. ‘भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरवले की टेलिफोनसारख्या तत्काळ पोहोचणाऱ्या साधनाने होकार दिला तर तो जिथे ऐकला जातो तिथे करार होतो. टपालाने पाठवलेल्या होकाराचा नियम वेगळा आहे, तो पत्र टपालात पडताच प्रस्तावकाला बांधतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्न मत दिले : कलम ४ ची शब्दरचना पाहता होकार मागे घेता येणार नाही अशा रीतीने मार्गस्थ झाला की प्रस्तावक बांधला जातो, आणि टेलिफोनला त्यातून वगळण्याची सोय कायद्याच्या शब्दांत नाही.

आराखड्यात हे कसे मांडाल? कलम ४. त्याखाली टपालाचा नियम. त्याखाली तत्काळ साधनांचा नियम, भगवानदास, बहुमत. आणि त्यालाच लागून, खाली नव्हे, भिन्न मत आणि त्याचे कारण. भिन्न मत बंधनकारक नसते म्हणून विद्यार्थी ते गाळतात, पण परीक्षक काल्पनिक प्रकरण रचतो ते नेमके बहुमत आणि भिन्न मत यांच्या सांध्यावर. उदाहरणार्थ : वडोदऱ्याच्या व्यापाऱ्याने इंदूरच्या कारखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर भाव कळवला, कारखान्याने ‘मान्य’ असे उत्तर धाडले, व्यापाऱ्याचा फोन बंद असल्यामुळे त्या उत्तरापुढे रात्रभर एकच टिक होती, पहाटे भाव चढले आणि व्यापाऱ्याने प्रस्ताव मागे घेतला. हे साधन टेलिफोनसारखे तत्काळ मानायचे, की एक टिक असेपर्यंत ते टपालाच्या जवळचे? ज्याच्या आराखड्यात ‘टेलिफोन : ऐकला जातो तिथे’ एवढेच आहे तो इथे थांबतो. ज्याने नियमामागचे कारण टिपले आहे, म्हणजे बोलणारे दोघे जणू समोरासमोर असतात, शब्द पोहोचला की नाही ते लगेच कळते, तो हे कारण एकाच टिकवर अडलेल्या संदेशाला लागू पडते की नाही यावर दोन परिच्छेद लिहू शकतो. गुण त्या दोन परिच्छेदांचे असतात, केसचे नाव आठवण्याचे नव्हे.

आराखडा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात करायला घेऊ नये. एकेक प्रकरण शिकवून झाले की त्याची फांदी लावून टाकावी. दुसऱ्याचा आयता आराखडा छायाप्रतीत मिळतो, स्वच्छ अक्षरात असतो, पण उपयोग फारसा होत नाही, कारण लालमन कोणत्या प्रश्नाखाली बसतो हे ठरवताना जी डोकेफोड होते तीच तर शिकायची असते.

प्रश्न : आम्ही घरी मराठी बोलतो, शाळा हिंदी माध्यमाची झाली आणि निकालपत्रे इंग्रजीत. टिपणे मराठीत काढली तर चालतील का? — एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : वस्तुस्थिती, प्रकरणाचा प्रवास आणि स्वतःचे आक्षेप मराठीत खुशाल लिहा, ज्या भाषेत तुम्ही घरी वाद घालता त्या भाषेत वादप्रश्न अधिक चोख उतरतो. निर्णयाचा आधार सांगणारी एक-दोन वाक्ये मात्र न्यायालयाच्याच शब्दांत, परिच्छेद क्रमांकासह उतरवून ठेवावीत. जुन्या निकालांत परिच्छेद क्रमांक नसतील तर पानाचा क्रमांक द्यावा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता मिळतात, ते पहिल्या वाचनाला सोबत म्हणून चांगले आहेत. पण अधिकृत पाठ इंग्रजीच धरला जातो, आणि मूटमध्ये, म्हणजे सरावासाठी लढवल्या जाणाऱ्या काल्पनिक खटल्यात, समोरच्या बाजूने ‘हे कोणत्या परिच्छेदात आहे?’ असे विचारले तर बोट तिथेच ठेवावे लागते.